खंडेनवमीची ओळ

आमच्या कामात पाहुण्यांना दाखवण्यासारखं काही नसतं. सुताराकडे गेलं तर भुसा दिसतो, गिरणीत गेलं तर कपड्यांवर पीठ बसतं. केजच्या बाजारपेठेत एका कृषी सेवा केंद्राच्या माडीवर आमची जागा आहे. तिथं आलात तर दोन टेबलं, एक पंखा आणि संगणकाच्या पडद्यावर एक काळी चौकट दिसेल. तिच्यात बटणं नाहीत की चित्रं नाहीत. हुकूम टंकायचा, एंटर दाबायचं आणि पुढं काय होतं ते मुकाट्यानं वाचायचं. खाली बियाणं घ्यायला आलेले शेतकरी कधीकधी चुकून जिना चढून वर येतात. एकदा एक म्हातारबाबा बराच वेळ माझ्या मागे उभे राहून त्या चौकटीकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "ह्याच्यात काय दिसतंय तुमाला?" मी म्हटलं, "चूक दिसतेय." ते म्हणाले, "मंग बरोबर हाय," आणि खाली गेले. माझ्या कामाचं यापेक्षा नेमकं वर्णन मला आजवर करता आलेलं नाही.

तरी प्रयत्न करतो. वेबसाइटवर तुम्ही बटण दाबता आणि काहीतरी घडतं, ते घडवणारा मजकूर बहुधा जावास्क्रिप्ट या भाषेत लिहिलेला असतो. तो एका जागी नसतो. शंभर लहानलहान फायलींत विखुरलेला असतो, आणि तसाच्या तसा लोकांच्या फोनवर पाठवता येत नाही. त्या सगळ्या फायली गोळा करून एक आटोपशीर गठ्ठा बांधणारं एक साधन असतं. आमचं काम त्या साधनाला सूचना लिहून देण्याचं. कुठून उचल, काय टाकून दे, कुठं नेऊन ठेव. या सूचनांच्या फायलीला कॉन्फिग म्हणतात. घरोघरी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना पहिल्या दिवशी सांगतात ना, मीठ कुठं आहे, आजोबांना तिखट चालत नाही, मांजराला दूध कुठल्या वाटीत घालायचं, तशी.

पण ही उपमा माझी आहे. माझ्या भागीदाराची, गोरखची, याहून चांगली होती. त्याचे आईवडील ऊसतोडीला जात. तो म्हणायचा, "सर, लई सोपं हाय. सरीत ऊस तोडून पडलाय. वाढं छाटायचं, पाचट काढायचं, मोळी बांधायची, गाडीत टाकायची. ह्ये साधन म्हंजी आपली टोळी." म्हणून आमच्याकडे गठ्ठा बांधायच्या हुकुमाचं नावच त्यानं 'मोळी' ठेवलं होतं. जगभरचे लोक त्या जागी वेगळा शब्द लिहितात. मी दिवसातून वीस-पंचवीस वेळा त्या काळ्या चौकटीत मोळी असं लिहितो.

गोरख आधी माझा विद्यार्थी होता, नंतर माझा शिक्षक झाला. मी कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवत असे. शिकवत असे म्हणजे पुस्तकातून शिकवत असे. संगणक चार होते, त्यातले दोन चालू होते. गोरख मागच्या बाकावर बसून, न चालणाऱ्या दोहोंपैकी एकाचं झाकण उघडायची परवानगी मागायचा. पुढं तो पुण्यात नोकरीला लागला, दहा वर्षांनी परत आला आणि मला म्हणाला, "सर, कंपनी काढू. मी काम आनतो, तुमी शुद्धलेखन बघा." मी तोवर निवृत्त व्हायचं कारण शोधतच होतो. जे मी वीस वर्षं फळ्यावर शिकवलं ते प्रत्यक्षात कसं चालतं, हे त्यानं मला वयाच्या पन्नाशीत शिकवलं, आणि एकदाही सर म्हणायचं सोडलं नाही. "सर, ह्ये गाढवपनाचं हाय," असं तो अतिशय अदबीनं म्हणत असे.

आमची कॉन्फिग फाइल सहाशे ओळींची आहे. एवढ्याशा कामाला चाळीस-पन्नास ओळी पुरतात. बाकीच्या साडेपाचशे ओळी गोरखच्या टिप्पण्या आहेत. दोन तिरक्या रेघा ओढून पुढं काहीही लिहिलं तर साधन ते वाचत नाही, ते माणसांसाठी असतं. शहाणी माणसं तिथं मोजके शब्द लिहितात. गोरख गप्पा मारायचा.

एक उदाहरण देतो. साधनाला पाळत ठेवायला सांगता येतं. एखादी फाइल बदलली की त्यानं आपण होऊन मोळी पुन्हा बांधायची. मी एकदा बांधलेली मोळी ठेवायची जागा चुकून त्या पाळतीच्याच हद्दीत दिली. साधनानं मोळी बांधून तिथं ठेवली, ती पाहून त्याला वाटलं काहीतरी नवीन आलं, म्हणून पुन्हा बांधली, मग ती पाहून पुन्हा. मी खाली चहाला गेलो होतो. परत आलो तर संगणकाचा पंखा असा घोंगावत होता की दुकानदार वर येऊन विचारून गेला, फवारणीचा पंप वर नेलाय का. गोरखनं जागा बदलली आणि त्या ओळीवर लिहून ठेवलं: 'सर चहाला जायच्या आदी ही ओळ बघावी.'

दुसरी ओळ आष्टीकडच्या एका पुढाऱ्यांची. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. त्यांची वेबसाइट आम्ही केली, सगळ्यांच्या फोनवर उघडली, आण्णांच्या फोनवर मात्र पांढरं पान. आण्णांनी कार्यकर्त्यांची बैठक बोलावली. विरोधकांनी पान पांढरं केलं, असा त्यांचा आरोप होता. वस्तुतः त्यांचा फोन इतका जुना होता की नवीन जावास्क्रिप्ट त्याला कळत नव्हतं. जुन्या फोनांना समजेल अशा भाषेत सगळं उलगडून दे, असं साधनाला सांगता येतं. त्यानं मोळी फुगते, पण चालते. गोरखनं ती सोय केली आणि वर लिहिलं: 'आण्णांचा फोन फुटला की ही ओळ काढावी.' तो फोन पुढं विहिरीत पडला, तांदळाच्या डब्यात सुकवला आणि पुन्हा सुरू झाला. ओळ अजून आहे.

आता खंडेनवमीचं सांगतो, कारण हा लेख खरं तर तिच्यासाठीच लिहायला घेतला आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे अवजारांची पूजा होते. त्या दिवशी अवजाराला विश्रांती असते, ते चालवायचं नाही. गोरखच्या आई, त्यांना सगळं गाव आक्का म्हणतं, या बाबतीत फार कडक. धारूर रस्त्याला शेतात त्यांचं घर आहे. वीस हंगाम त्यांनी ऊस तोडला. त्यांचा कोयता आता कामाला नाही, पण खंडेनवमीला तो घासूनपुसून पाटावर येतो. शेजारी विळा, खुरपं, सुनेची शिलाई मशीनची कात्री. कंपनी सुरू झाली त्या वर्षी त्यांनी विचारलं, "तुमचं अवजार कंचं?" गोरखनं दोन्ही लॅपटॉप पाटावर ठेवले. आक्का म्हणाल्या, "ह्यो तर डबा हाय. अवजार कुठंय?" मी सांगायला लागलो की अवजार म्हणजे ते साधन, त्याला देह नाही, ते सर्व्हरवरही असतं, म्हणजे दूर कुठंतरी. आक्का म्हणाल्या, "मास्तर, ज्याला हळदकुंकू लावता येत न्हाई त्येला अवजार म्हनू नगा." अखेर कॉन्फिगचं पहिलं पान छापून आणलं आणि त्यावर सुपारी ठेवली. दर वर्षी तेच. दोन्ही लॅपटॉप आणि तो कागद दसऱ्याच्या सकाळपर्यंत आक्कांच्या ताब्यात.

दोन वर्षांपूर्वी मी नियम मोडला. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालवणारी एक संस्था आहे, त्यांचं नोंदणीचं पान आम्ही केलं होतं. खंडेनवमीला मी घरच्या जुन्या संगणकावर ते सहज उघडलं, आणि मथळ्यातच 'वस्तीगृह' असं छापलेलं दिसलं. मला राहवलं नाही. गुपचूप दुरुस्त केलं, मोळी बांधली, पाठवून दिली. पण आमच्या धंद्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी केला, किती वाजता केला. दुसऱ्या दिवशी सोनं वाटताना गोरखनं आक्कांसमोर जाहीर केलं, "आई, सरांनी काल अवजार चालवलं."

आक्का माझ्याकडे वळल्या. "मास्तर, शिकल्यालं मानूस तुमी."

"एकच अक्षर होतं, आक्का."

"आमच्या टोळीत येक जन आसाच व्हता. येकच ऊस तोडतो म्हनला. बोट गेलं."

"बघतो मी सरांकडं पुढच्या साली," गोरख म्हणाला. मला वाटलं, बोलण्याची रीत.

गेल्या मे महिन्यात गोरख गेला. हृदय बंद पडलं. चाळीसही पूर्ण नव्हती. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि तो असता तर त्यानं इथंच मला थांबवलं असतं.

तेराव्यानंतर मी आक्कांकडे गेलो नाही. जाऊ जाऊ म्हणत राहिलो. ती कॉन्फिग फाइलही उघडली नाही. साडेपाचशे ओळी तो बोलत असणार, आणि ऐकण्याची माझी तयारी नव्हती. चार महिने मी त्या फायलीच्या कडेकडेनं काम केलं. नवीन चित्रांसाठी नवा फोल्डर करायचा तर कॉन्फिगमध्ये एक ओळ लिहावी लागते. मी ती लिहिली नाही. सोयाबीनच्या जाहिरातीचा एक जुना फोल्डर होता, त्यातच सगळं कोंबत गेलो. आष्टीच्या आण्णांचे सत्काराचे चोवीस फोटो आजही सोयाबीन या नावाखाली आहेत. ते त्यांना कळू नये एवढीच इच्छा आहे.

खंडेनवमी आली. आक्कांच्या धाकट्या मुलाचा फोन आला, "सर, डबा घिऊन या, आई वाट बघतीय." मी सांगितलं, ताप आहे. आणि माडीवर जाऊन बसलो.

साडेदहाला धारूरकडच्या वसतिगृहाच्या जाधव गुरुजींचा फोन आला. गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांच्या मते संगणक हा मुख्य कार्यालयातला एक कारकून आहे, हुशार पण आडमुठा.

"सर, तुमचं यंत्र म्हनतंय ही लेकरं जन्मलीच न्हाईत."

"कोणती लेकरं?"

"सात हायत. माझ्यापुढं बसून चुरमुरे खातायत. पैलीची. यंत्राला जन्माचं साल सांगाया गेलो तर त्येच्या यादीत ते सालच न्हाई."

चूक माझीच होती. जन्मसालांची ती यादी मी लिहिली होती, हातानं, आणि एका सालावर थांबलो होतो. पुढची वर्षं येतील आणि त्यात मुलं जन्मतील, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गेल्या वर्षीपर्यंत चालून गेलं. यंदा पहिलीत आलेली सगळी मुलं यादीच्या बाहेर.

"गुरुजी, वहीत लिहून ठेवा, मी बघतो."

"वही कोन इचारतंय? चारला यादी बंद हुती. उद्या दसरा, परवा टोळ्यांच्या गाड्या निघत्यात. नाव नसलं तर मला लेकरू ठिऊन घेता येत न्हाई. आईबापासंगं जाईल फडावर. ह्यातली येक पोरगी तर आत्ताच म्हनतीय, मी जाते गुरुजी, तुमच्या यंत्राला नगं आसंल तर."

दुरुस्ती एका आकड्याची होती. अर्ध्या मिनिटात केली. पण नुसतं फायलीत दुरुस्त करून भागत नाही. मोळी पुन्हा बांधून पाठवल्याशिवाय गुरुजींच्या पडद्यावर काही बदलत नाही. मी मोळी लिहिलं आणि एंटर दाबलं.

रोज तिथं आकडे सरकू लागतात. त्या दिवशी चौकट क्षणभर गप्प राहिली आणि मग तिच्यात देवनागरी उमटली. त्या चौकटीला देवनागरी नीट जमत नाही. काने, मात्रा अक्षरांपासून रुसल्यासारख्या लांब बसतात. तरी वाचता आलं.

'सर, आज खंडेनवमी हाय. अवजाराला हात लावू नगा. काम लईच आडलं आसंल तर आईला इचारून या. फोन न्हाई, पायानं. इचारलं का? हो / न्हाई.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. 'बघतो मी सरांकडं' ही बोलण्याची रीत नव्हती तर. पाडव्याला त्यानं बसून पंचांग बघितलं होतं, तारीख काढली होती, कॉन्फिगमध्ये घातली होती आणि मला त्या दिवशी रंगेहाथ पकडायची व्यवस्था करून ठेवली होती. मी चिडलो, चारच्या आत काम उरकायचं होतं. आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच मला मोठ्यानं हसू आलं. दोन्ही एकदम झालं.

मग मी जे केलं त्याची लाज वाटते. मी 'हो' असं लिहिलं. सात मुलांसाठी एवढं खोटं चालेल, अशी मनाची समजूत घातली.

उत्तर लगेच आलं.

'सर, खोटं. दोन मिनटात जाऊन आला व्हय? जायला-यायला पंचवीस मिनटं लागत्यात. मी मोजल्यात. शिकल्यालं मानूस तुमी.'

त्यानं घड्याळ लावून ठेवलं होतं. पहिला प्रश्न आणि 'हो' यांत पंचवीस मिनिटांचं अंतर नसेल तर खोटं धरायचं. माझा संपूर्ण स्वभाव त्यानं त्या चार ओळींत बसवला होता, आणि मला तो आजवर एवढा नेमका लिहिता आला नव्हता.

आता मार्ग उघड होता. कॉन्फिग उघडायची, त्या ओळी शोधायच्या, पुसायच्या. मी ती फाइल उघडली. शोध घेऊन थेट त्या जागी जाता आलं असतं. पण मी पुस्तक पहिल्या पानापासून वाचणारा माणूस आहे. वाचत गेलो. 'सर चहाला जायच्या आदी.' 'आण्णांचा फोन.' 'ही ओळ काय करती मला बी म्हाईत न्हाई, पन काढली की सगळं बंद पडतंय, तवा ऱ्हाऊ द्या.' 'हितं सरांनी दोन तास घातले. मी झोपलतो. उठलो तर बरोबर झालतं. लई भारी.' हे त्यानं मला तोंडावर कधी सांगितलं नव्हतं. मध्ये गुरुजींचे दोन फोन येऊन गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "सर, चुरमुरे संपले."

साडेपाचशेव्या ओळीच्या आसपास ती तारीख सापडली. एकच तारीख, कारण पंचांग एकाच वर्षाचं असतं. मी कर्सर तिथं नेला. पुसायला एक बोट पुरे होतं. दीड वाजला होता.

एकाच माणसाशी एका दिवसात दोनदा खोटं वागणं मला जमलं नाही. मी जिना उतरलो, स्कूटर काढली आणि धारूर रस्त्याला लागलो.

आक्का पडवीत एकट्याच होत्या. मुलगा आणि सून शेतात. पाटावर कोयता, विळा, खुरपं, कात्री, सुपारी ठेवलेला तो छापील कागद, आणि झेंडूची फुलं वाहिलेला गोरखचा लॅपटॉप. त्याच्या शेजारी एका लॅपटॉपाएवढी जागा रिकामी ठेवलेली होती. मला बघून त्या उठल्या, जवळ आल्या आणि माझ्या कपाळाला हात लावला.

"ताप उतरला का मास्तर?"

"उतरला, आक्का."

"कवा आलता?"

"सकाळी."

"चांगला व्हता म्हनायचा. लगीच गेला." त्या पाटाकडे बघत म्हणाल्या, "डबा न्हाई आनला?"

"आक्का, विचारायला आलोय. आज अवजार चालवू का?"

"कावून? कंचं आक्षर चुकलं?"

मी सगळं सांगितलं. सात मुलं, चार वाजता बंद होणारी यादी, माझी चूक. त्या ऐकता ऐकताच वैतागल्या.

"आरं देवा, मंग हितं कशाला येळ घालविला? लेकरं आत घ्यायची आदी. ह्यात इचारायचं काय हाय?"

"गोरखनं सांगितलंय विचारायला."

"कवा सांगितलं?"

"आत्ता. अकरा वाजता."

मी तो संदेश आणि मग खोटं पकडल्याचा दुसरा, दोन्ही जसेच्या तसे म्हणून दाखवले. मला पाठ झाले होते. आक्का पडवीच्या पायरीवर बसल्या. पदर तोंडाला लावला. मला वाटलं, मी चूक केली. मग त्यांचे खांदे हलताना दिसले आणि कळलं की त्या हसताहेत. बराच वेळ हसत होत्या. मग डोळे पुसले.

"पंचीस मिनटं मोजली व्हय मेल्यानं. लहानपनी दुकानातून गूळ आनाया लावला की मी मोजायची त्येला. वाटंत खेळत बसायचा. म्हनायचा, दुकान बंद व्हतं. मी म्हनायची, खोटं, येवढ्यात दुकानापतुर जाऊन येता येत न्हाई."

मग त्या कामाला लागल्या. कागदावरची सुपारी उचलून माझ्या हातावर ठेवली, पाणी सोडलं आणि पाटाकडे बघून म्हणाल्या, "उठ बाबा, लेकरांचं काम हाय." आणि मला बजावलं, "पन मास्तर, आज कापायचं न्हाई. धार लागू द्यायची न्हाई. बांधायचं आसंल तर बांधा."

"बांधायचंच आहे, आक्का."

"मंग बांधा. आन् जेवाया?"

"यादी चारला बंद होते."

"जावा मंग. उद्या सोनं घिऊन या. डबा बी आना."

परतताना वाटेत माझ्या लक्षात आलं की आमचं साधन कापतंही. मोळी बांधण्याआधी ते पाचट काढतं. गरज नसलेली जागा, लांब नावं, सगळ्या टिप्पण्या छाटून टाकतं. म्हणून गठ्ठा हलका होतो. आक्कांना मी शब्द दिला होता. माडीवर पोचल्यावर कॉन्फिगमध्ये पाचट काढायची ओळ तेवढ्यापुरती बंद केली. चार महिन्यांनी त्या फायलीत मी केलेला हा पहिला बदल. आमच्या धंद्यातला कोणी हे वाचून हसेल तर हसू द्या. त्या दिवशीची मोळी चौपट जड झाली आणि गुरुजींच्या पडद्यावर पान उघडायला जवळजवळ एक मिनिट लागलं. पण तिला धार लागली नाही.

मोळी लिहिलं. एंटर. इचारलं का? मी लिहिलं, हो. सकाळच्या पहिल्या प्रश्नाला साडेतीन तास उलटून गेले होते. मला वाटलं, आता सुटेल.

'बरं. आई कशी हाय?'

आणि कर्सर लुकलुकत थांबला. हा प्रश्न त्यानं थट्टेत घातला होता. मी खरंच जाऊन आलो की नाही याची आणखी एक खातरजमा. आपण त्या दिवशी नसू, असं काही त्याच्या मनात नव्हतं. उत्तर काहीही चाललं असतं. नंतर मी तपासलं, एक अक्षर लिहिलं तरी ते पुढं जात होतं. पण मला तेव्हा ते माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी एक अक्षर लिहिलं नसतं. मी सावकाश लिहिणारा माणूस. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी जे पाठवलं ते असं होतं: 'बऱ्या आहेत. मला ताप आहे का ते पाहिलं. तुझ्या गुळाची गोष्ट सांगितली. हसल्या.'

आकडे सरकू लागले.

सव्वातीनला गुरुजींचा फोन आला. मी काही विचारण्याआधीच ते वसतिगृहाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "जन्मली! सातीच्या साती जन्मली!" मागून टाळ्या वाजल्या. ती पोरगी मागून विचारत होती, "मंग मी ऱ्हाऊ का आता?"

दोन दिवसांनी संस्थेच्या मुख्य कार्यालयातून एका जाणकार बाईंचा अतिशय सभ्य फोन आला. आमच्या पानाचा मूळ मजकूर त्यांनी काही कारणानं तपासला होता. त्यात एके ठिकाणी 'हितं सर गुतले, आवाज करू नगा' असं लिहिलेलं आढळलं, ते मुद्दाम आहे का? पाचट न काढल्यामुळे पानाच्या फायलींतल्या गोरखच्या टिप्पण्याही त्या एका मोळीबरोबर जगात गेल्या होत्या. मी म्हटलं, मुद्दाम आहे. त्यानंतर पाचट काढायची ओळ पुन्हा सुरू केली.

यंदाच्या पाडव्याला नवं पंचांग आणलं. कॉन्फिग उघडली आणि या वर्षीची तारीख त्या जागी घातली. ते साडेपाचशे ओळींचं बोलणं आता मी केव्हाही वाचू शकतो. आण्णांच्या फोटोंना वेगळा फोल्डर करायचा आहे, तो अजून राहिला आहे. जन्मसालांची यादी मात्र आता आपण होऊन दर वर्षी पुढं सरकते. गोरखच्या ओळींपैकी एकही काढलेली नाही. बदल एकच केला आहे. पंचवीस मिनिटांचा आकडा होता, तिथं मी दोन तास लिहिले आहेत. आक्का जेवल्याशिवाय सोडत नाहीत.